आज खुर्च्या गोल मांडल्या

ओपीडी आटोपल्यावर आरोग्य केंद्रातच सगळ्यांना बसवलं. आशाताई, सिस्टर, उपकेंद्राचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), फार्मासिस्ट, लॅबवाले दादा आणि मी. मासिक मीटिंग होतेच म्हणा, पण तिथे टार्गेट आणि रजिस्टर. पेशंटचा विषयच निघत नाही. आज म्हटलं, रिपोर्टिंग नको, फक्त बीपी-शुगरच्या पेशंटबद्दल बोलू.

एका आजींचं नाव निघालं. शुगर उतरतच नव्हती म्हणून मी मेटफॉर्मिनचा डोस वाढवलेला. फार्मासिस्ट म्हणाले, "गोळ्या तर दर महिन्याला नेतात." त्यावर आशाताई हळूच बोलल्या, "नेतात हो सर, पण बिस्किटाच्या डब्यात पडून असतात. पहाटे खुरपणीला जातात. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं. न्याहारी शेतात नि गोळ्या घरी."

इतकं साधं! सिस्टरांनाही ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, असं म्हणणार होतो. पण मी तरी कधी विचारलं होतं?

प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८च्या आंतरराष्ट्रीय आल्मा-आटा जाहीरनाम्यात डॉक्टर, नर्स, सुईणी, गावपातळीवरचे कार्यकर्ते यांनी टीम म्हणून काम करण्याची गोष्ट आहे. परीक्षेत हे लिहून मार्कही घेतलेत मी. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७०पासून गावातल्या बायकांना सोबत घेऊन ते करूनही दाखवलं. आम्हाला सहा खुर्च्या गोल मांडायला एवढा वेळ लागला.

आजींच्या गोळ्या आता भाकरीच्या फडक्यात बांधायच्या, हे काम सुनेकडे. पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्टना बोलवायचंय. गुडघेदुखीवाल्यांची यादी आशाताईंच्या वहीत तयारच होती. चहा लॅबवाल्या दादांकडून.