उर्दू पुस्तकापुढचा तीन

वाशिष्ठी समुद्राला मिळते त्या दाभोळच्या खाडीकाठी एका गावात जुने वाचनालय आहे. तिथल्या दोन कपाटांत मराठी पुस्तके आहेत आणि तिसऱ्यात उर्दू, कारण गावातील मुसलमान कुटुंबे घरात कोकणी बोलत असली तरी त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले आहे. गेल्या वर्षी या वाचनालयाच्या देवघेवीसाठी मी एक लहानसे ॲप तयार करून दिले. मराठी डावीकडून आणि उर्दू उजवीकडून लिहितात; मजकुराची दिशा हा विषय मला पुस्तकी स्वरूपात ठाऊक होता, आणि तेवढ्यावर आपले भागेल अशी माझी समजूत होती.

पहिली तक्रार आठवड्याभरातच आली. यादीत प्रत्येक पुस्तकाच्या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि मग ते किती वेळा नेले गेले याचा आकडा, म्हणजे ‘३ वेळा’, अशी रचना मी ठेवली होती. मी सगळ्या चाचण्या देवनागरी आकड्यांवर केल्या आणि सर्व काही जागेवर दिसले. ग्रंथपाल चाचांना मात्र इंग्रजी आकडे सवयीचे, म्हणून त्यांनी ते सेटिंग बदलले. त्याबरोबर उर्दू नावांच्या ओळींतला तीन उडी मारून नावाच्या डावीकडे जाऊन बसला आणि ‘वेळा’ हा शब्द उजवीकडे एकटा उरला. “तीन पळाला रे, आणि वेळा इथंच राहिला,” असे चाचांनी फोनवर सांगितले. याहून नेमके वर्णन मलाही करता आले नसते.

याचे कारण असे, की संगणक कोणताही मजकूर वाचनाच्या क्रमानेच साठवतो. तो पडद्यावर डावीकडून मांडायचा की उजवीकडून, हे युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, द्विदिश (दोन्ही दिशांच्या) नियमांनुसार ऐनवेळी ठरते. त्या नियमांत प्रत्येक चिन्हाला एक स्वभाव दिलेला आहे. अक्षरे स्वतःची दिशा ठामपणे सांगतात, टिंबे, मोकळ्या जागा आणि कंस शेजाऱ्यांकडे पाहून ठरवतात, आणि इंग्रजी आकडे या दोहोंच्या मध्ये येतात, म्हणजे त्यांचा आतला क्रम डावीकडून उजवीकडेच राहतो, पण उर्दू अक्षरांमागून आले की ते त्या उर्दू तुकड्याचाच भाग होतात. देवनागरी आकड्यांना मात्र युनिकोडने अक्षरांसारखीच ठाम दिशा दिली आहे. त्यामुळे ‘३’ आपली जागा सोडत नाही आणि त्याच जागी लिहिलेला इंग्रजी तीन सोडतो. आपण मराठी लोक सगळी तपासणी देवनागरीत करतो आणि म्हणून हा दोष आपल्याला दिसतच नाही, ही गोष्ट मला कोणत्याही मार्गदर्शिकेत वाचल्याचे आठवत नाही.

दुसरा प्रकार अधिक महागात पडला. उर्दू पडद्यावर ‘परतीची तारीख’ या उर्दू शब्दांपुढे इंग्रजी आकड्यांत १०-०६-२४ अशी तारीख येत असे. अरबी लिपीतील अक्षरांनंतर आकड्यांमधली आडवी रेघ त्यांना एकत्र धरून ठेवत नाही, म्हणून तीनही गट उजवीकडून मांडले जातात आणि डावीकडून वाचणाऱ्याला २४-०६-१० असे दिसते. एका सभासदाने पुस्तक चोवीस जूनला आणून दिले, आणि दंड मागितल्यावर त्याने मोबाइलच पुढे केला. दंड अर्थातच माफ झाला. गंमत म्हणजे रेघेऐवजी तिरकी रेघ असती तर तारीख शाबूत राहिली असती, कारण नियमांत त्या दोन चिन्हांचे वर्ग वेगळे आहेत. फोन नंबरचेही तेच: गटांमध्ये मोकळी जागा सोडलेला नंबर उर्दू पडद्यावर शेवटच्या गटापासून सुरू होत होता आणि ‘९१’ नंतर अधिकचे चिन्ह येत होते.

यावरचा उपाय तारखेची चिन्हे बदलत बसणे हा नव्हे. परका तुकडा आजूबाजूच्या मजकुरापासून अलग करावा लागतो. त्यासाठी युनिकोडच्या ६.३ या आवृत्तीत, म्हणजे २०१३ साली, अलगीकरणाची अदृश्य चिन्हे आली. वेबपानांवर तेच काम ‘बीडीआय’ हा टॅग करतो. मी आरंभी ही चिन्हे थेट माहितीसाठ्यातच घातली आणि पस्तावलो, कारण मग नावाचा शोध लागेना आणि कॉपी केलेल्या नंबरासोबत न दिसणारी चिन्हेही जाऊ लागली. आता ती फक्त दाखवताना जोडली जातात. पहिल्या ठाम अक्षरावरून दिशा ओळखण्याची स्वयंचलित सोयही मी काढून टाकली, कारण उर्दू पुस्तकाचे नाव एखाद्या इंग्रजी आद्याक्षराने सुरू झाले की ती फसते. त्याऐवजी प्रत्येक नोंदीत भाषेचा रकाना आहे.

उर्दूसाठी पडद्याची मांडणी उलटवणे त्या मानाने सोपे गेले. अँड्रॉइडमध्ये ४.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, ‘डावे-उजवे’ ऐवजी ‘आरंभ-अंत’ असे सांगता येते आणि पडदा आपसूक फिरतो. मागे जाण्याचा बाण फिरवायचा असतो, घड्याळ फिरवायचे नसते, एवढे भान पुरते. अक्षराकडे मात्र मी दुर्लक्ष केले होते. फोनवर आपोआप येणारे नस्ख, म्हणजे अरबी छपाईतले सरळ ओळीचे, वळण चाचांना “कुराणासारखं” वाटले. उर्दू वाचकाला नस्तालीक हवे असते, आणि ते उतरते वळण असल्याने ओळीला बरीच अधिक उंची लागते. मराठीसाठी ठरवलेल्या उंचीत त्याचे नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, कापले जात होते.

एक अडचण अजून तशीच आहे. एकाच चौकटीत उर्दू आणि मराठी लिहिताना दोहोंच्या सीमेवर कर्सर कुठे उभा राहील ते सांगता येत नाही, कारण साठवणीतल्या त्या एका जागेला पडद्यावर दोन जागा असतात. अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, दफनभूमीत मी हिब्रू आणि मराठी कोरलेले दगड पाहिले आहेत. तिथे पाथरवटाने हिब्रूच्या ओळी वेगळ्या आणि मराठीच्या वेगळ्या ठेवलेल्या आहेत. नव्या आवृत्तीत मीही शेरा लिहिण्यासाठी दोन चौकटी दिल्या आहेत. चाचा मात्र दोन्ही भाषा अजून वरच्याच चौकटीत लिहितात.