म्युनिकचं पाणी आणि आमची तूरडाळ

रविवार, रात्र

आज वरण एकदाचं मऊ झालं. इथे आल्यापासून तूरडाळ शिजेचना, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या, वरच्या मजल्यावरची बाई काय म्हणत असेल देव जाणे, आणि झाकण उघडलं की पाणी वेगळं न् डाळ वेगळी. नवऱ्याचं ठाम मत की डाळच जुनी आहे. आईला व्हिडिओ कॉल केला तर तिने डाळीकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाली पाणी जड असेल गं, भिजत घाल आणि शिजताना चिमूटभर खायचा सोडा टाक. तिला म्युनिकची काय माहिती, पण बाई बरोबर निघाली!

इथलं बरंचसं पाणी आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या मांगफाल खोऱ्यातून येतं, तेही १८८३ पासून. पेटेनकोफर नावाच्या डॉक्टरने शहराच्या आरोग्यासाठी स्वच्छ पाण्याचा आग्रह धरला होता. ऑफिसातली मंडळी ह्या पाण्याचं इतकं कौतुक करतात की विचारू नका, क्लोरीनचा वाससुद्धा नाही, सरळ नळाला ग्लास लावायचा. पण चुनखडीच्या खड्यांतून झिरपत येताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं, ते डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिन नावाच्या द्रव्याला धरून बसतं आणि डाळ कडकच राहते. किटलीत पांढरा थर, चहावर तवंग, नळाच्या तोंडाला खडू. किटली मी सायट्रिक ॲसिडने धुते, चहासाठी फिल्टरचा जग आणलाय. केसांचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. पोटाला मात्र ह्या पाण्याचा काडीचा त्रास नाही.

हॉटेलात गेलं की वेगळीच गंमत. आपल्यासारखं बसल्या बसल्या पाण्याचा ग्लास समोर येत नाही, पाणी मागवायचं, बिलात येतं, आणि नुसतं ‘वासर’ (जर्मनमध्ये पाणी) म्हटलं की बहुतेक वेळा बुडबुड्यांचं येतं. साधं, बिनगॅसचं हवं तर ‘श्टिलेस’ म्हणायचं. तिखट जेवणावर गॅसचं पाणी म्हणजे शिक्षा आहे, हे माझं मत, नवऱ्याला आवडायला लागलंय. रिकाम्या प्लास्टिक बाटलीचे २५ सेंट परत मिळतात म्हणून आमच्या बाल्कनीत भंगारवाल्याचं दुकान झालंय.

खाण्याचं म्हणाल तर वाटलं होतं तेवढे हाल नाहीत. कॅन्टीनमध्ये शाकाहारी म्हणजे परत परत केझश्पेत्सले, चीज आणि पिठाच्या शेवया, वर तळलेला कांदा, थंडीत छान लागतं पण खाऊन दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटतात. कणकेचं कोडं सुटायला वेळ लागला, इथे पिठाला नंबर असतात, ४०५ म्हणजे आपला मैदा. मी १०५० मध्ये थोडं होलग्रेन मिसळते, पोळी चांगली होते, फुगते पण. नवलकोल तर ढिगाने मिळतो, पुण्यात मी त्याला हात लावत नव्हते, इथे दर आठवड्याला भाजी. आणि शेपू! इथे तो काकडीच्या सॅलडमध्ये भुरभुरतात, इवल्याशा जुड्या बांधून विकतात, आपल्या एका भाजीला तसल्या किती लागतील विचार करा. तुर्की दुकानात मोठी जुडी मिळते म्हणून काल तिथूनच आणली, कारण इथे रविवारी दुकानं बंद. निवडून ठेवलीये, मूगडाळ भिजत घातलीये, सकाळी लसणाची फोडणी. घरभर वास सुटेल, म्हणून रात्रीच सगळ्यांचे कोट कपाटात टाकले.