सोलापुरात इलेक्ट्रिक गिटार बांधायची तर आधी नेक

गिटार बांधणीच्या वर्गात येणाऱ्या बहुतेकांच्या वहीत आधी बॉडीचं चित्र असतं. शिंगं किती लांब, रंग कोणता, पिकगार्ड पांढरा की काळा. हे सगळं करायचंच आहे, पण गिटार सुरात वाजणार की नाही हे त्यावर ठरत नाही. ते ठरतं नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावर: फ्रेटच्या (स्वरांच्या धातूच्या पट्ट्यांच्या) खाचा, फ्रेटबोर्डची (फ्रेट ज्यात बसतात त्या फळीची) पातळी, नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी), आणि नेक बॉडीत कोणत्या कोनात बसतो यावर. बॉडीची कड दोन मिलिमीटर आत गेली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. फ्रेटची खाच अर्धा मिलिमीटर सरकली तर ती चूक गिटार असेपर्यंत ऐकू येते. म्हणून एकूण वेळेतला निम्म्याहून जास्त वेळ नेकसाठी राखून ठेवावा.

पहिल्या खेपेला टेलिकास्टरच्या धाटणीची गिटार घ्यावी. लिओ फेंडरने १९५० च्या सुमारास ही रचना बाजारात आणली ती कारखान्यात सहज बनावी अशा बेताने: सपाट बॉडी, स्क्रूने जोडलेला नेक, हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाला) मागे कोन नाही, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) जागेवर पक्का. लेस पॉल गिटारसारखा कोनात चिकटवलेला नेक आणि कमानदार माथा नंतरच्या गिटारसाठी ठेवावा. स्क्रूचा नेक बिघडला तर काढून दुसरा करता येतो, चिकटवलेल्यात ती सोय नाही.

लाकूड

वखारीत विचारलं की पहिलं नाव सागवानाचं निघतं. सागवान टिकाऊ आहे, वाकत नाही, पण बॉडीसाठी जड पडतं. ४५ मिमी जाडीच्या टेलिकास्टर बॉडीत साधारण साडेचार लिटर लाकूड असतं. सागवानाची घनता घनमीटरला ६५० किलोच्या आसपास धरली तर नुसती बॉडी २.९ किलो भरते. नेक, ब्रिज, मशीन हेड (तारा ताणायच्या खुंट्या), पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे भाग) धरून गिटार सव्वाचार किलोच्या पुढे जाते आणि तासाभरात खांदा भरून येतो. शिवण किंवा तून हे हलकं लाकूड घेतलं तर तीच बॉडी सव्वादोन किलोच्या आसपास राहते. तून मिरजेच्या सतारीतलं ओळखीचं लाकूड आहे. ज्या तंतुवाद्यांचे भोपळे आपल्या पंढरपूर भागातून जातात, त्यांच्याच घरचं लाकूड इलेक्ट्रिक गिटारलाही चालतं. बॉडीसाठी २० × १४ × पावणेदोन इंचाचा तुकडा लागतो, म्हणजे ०.२८ घनफूट. दोन फळ्या मधोमध जोडून केला तरी काही बिघडत नाही. नेकचं वेगळं लाकूड आणि वाया जाणारं धरून एकूण अर्धा घनफूट घ्यावं.

नेकसाठी मात्र सागवान उत्तम. एकसंध तुकड्याऐवजी तीन पट्ट्या चिकटवाव्यात: बाजूला सागवान, मध्ये पातळ शिसम. पट्ट्यांच्या रेषा एकमेकींच्या उलट दिशेने ठेवल्या की पिळण्याची ओढ एकमेकींना मारते. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याआधी ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसावं, नाहीतर सांधा वर्षभरात उलतो. फ्रेटबोर्डला काळं शिसम घ्यावं. जगभरच्या गिटारांवर ‘इंडियन रोजवुड’ म्हणून लागतं ते हेच. फर्निचरच्या दुकानात शिशम म्हणून विकलं जाणारं उत्तरेकडचं लाकूड वेगळं. ते वापरता येतं, पण दोन्ही एकाच भावात कुणी लावत असेल तर चौकशी करावी.

लाकूड वाळलंय की नाही हे आर्द्रता मीटरने बघावं, ८ ते १२ टक्के हवं. मीटर नसेल तर तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला तोलावा. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन हललं नाही की लाकूड खोलीतल्या हवेला सरावलं असं समजावं.

फ्रेटच्या खाचा

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, राग बदलला की सरकवता येतात. गिटारचा फ्रेट एकदा खाचेत बसला की बसला. त्यामुळे सगळी अचूकता करवत लावण्याआधी आणावी लागते.

स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, ६४८ मिमी धरली तर पहिल्या फ्रेटचं नटपासून अंतर ६४८ भागिले १७.८१७, म्हणजे ३६.३७ मिमी. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागायचं, दुसरा फ्रेट ७०.७० वर येतो. पुढे पाचवा १६२.५५, सातवा २१५.५१, बारावा बरोबर मधोमध ३२४ आणि बाविसावा ४६६.१६ मिमी. गणित असं टप्प्याटप्प्याने होत असलं तरी आखणी तशी करायची नाही. एका फ्रेटवरून पुढचा मोजत गेलं की प्रत्येक वेळची छोटी चूक साठत जाते. प्रत्येक अंतर नटच्या कडेपासूनच मोजावं, स्टीलच्या पट्टीने, आणि रेघ धारदार सुरीने मारावी. पेन्सिलची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते.

अर्ध्या मिलिमीटरने काय होतं? बाराव्या फ्रेटला एक सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग, ०.१९ मिमी एवढा असतो. तिथे अर्धा मिमी चुकला तर पावणेतीन सेंट. बाविसाव्या फ्रेटला तीच चूक पावणेपाच सेंट होते. फ्रेट जसे वर चढतात तशी चुकीला माफी कमी. कागदी टेम्प्लेट छापून चिकटवणार असाल तर छापलेला बारावा फ्रेट आधी पट्टीवर ३२४ येतो का ते बघा. प्रिंटर बरेचदा ‘पानात बसवण्यासाठी’ दोन-तीन टक्के लहान छापतो.

खाचा कापताना फ्रेटबोर्ड आयताकृतीच असावा, गुण्या लावायला सरळ कड मिळते. निमुळता आकार नंतर द्यायचा: नटला ४३ मिमी, शेवटी ५६ मिमी. सुताराची नेहमीची करवत इथे चालत नाही. तिच्या दातांना फाक असते आणि खाच पाऊण-एक मिलिमीटर रुंद होते. फ्रेटच्या बुडाची जाडी अर्धा मिमी आणि त्यावर बारीक दाणे असतात, त्याला ०.५८ मिमीची खाच लागते. सैल खाचेत फ्रेट उचलतो. फार घट्ट खाच केली तर बावीस फ्रेट बावीस पाचरींसारखे काम करतात आणि नेक उलटा, मागे वाकतो.

खाचेची खोली इथे बऱ्याच जणांची चुकते. फ्रेटबोर्डला ३०५ मिमी त्रिज्येची गोलाई देताना ५६ मिमी रुंदीच्या टोकाला कडेचं लाकूड १.३ मिमी खाली जातं. आधी दोन मिमी खोल कापलेली खाच कडेला पाऊण मिमीच उरते आणि फ्रेटची टोकं बसत नाहीत. म्हणून गोलाई देऊन झाल्यावर सगळ्या खाचा पुन्हा करवतीने खोल कराव्यात, आतला भुसा ब्रशने काढावा आणि मगच फ्रेट हातात घ्यावा.

ट्रस रॉड आणि चिकटवणी

दुहेरी काम करणारा, म्हणजे नेकचा वाक दोन्ही दिशांनी सुधारणारा, ४४० मिमीचा ट्रस रॉड (नेकच्या आत बसणारा धातूचा दांडा) घ्यावा, त्यासाठी चर साधारण ६ मिमी रुंद, ९ मिमी खोल. रॉड आधी हातात यावा, मग चर मारावा. दोन बनावटींत अर्धा-एक मिलिमीटर फरक असतोच, आणि चर खोल गेला तर रॉड आत खडखडतो. फ्रेटबोर्ड चिकटवताना रॉडवर मास्किंग टेपची पट्टी लावावी, गोंद लावून झाल्यावर ती ओढून काढावी. गोंद रॉडच्या आट्यांत गेला की पुढे तो फिरत नाही.

गोंद लाकडासाठीचा पिवळा, कडक वाळणारा वापरावा. साधा पांढरा गोंद बॉडीच्या सांध्याला ठीक आहे, पण सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. पारा चाळिशीच्या पुढे असताना बंद गाडीत गिटार राहिली तर सरकणं जोरात होतं. उन्हाळ्यात दुपारी गोंद पाच मिनिटांत कातडी धरतो, म्हणून चिकटवणी सकाळी लवकर करावी आणि सहा-आठ क्लॅम्प आधी कोरडे लावून बघावेत. ओल्या गोंदावर फ्रेटबोर्ड घसरतो. पहिल्या आणि शेवटच्या खाचेत दीड मिमीच्या भोकातून खिळे ठोकून ठेवले की तो जागचा हलत नाही. क्लॅम्प चोवीस तास काढू नयेत. गोंदातल्या पाण्याने नेक तात्पुरता वाकतो, म्हणून क्लॅम्प काढल्यावरही दोन दिवस थांबून मग पातळी करावी.

फ्रेट बसवायचे कधी

इथे सोलापूरची हवा आपल्या बाजूने आहे. कोरड्या दिवसांत लाकूड रुंदीत आकसतं, धातू आकसत नाही, आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. पावसाळ्यात बसवलेल्या फ्रेटला एप्रिल-मेमध्ये हे हमखास होतं. तेच काम मार्च ते मे या काळात केलं, म्हणजे लाकूड सर्वांत जास्त आकसलेलं असताना, तर टोकं पुढे बाहेर यायला कारणच उरत नाही. उन्हाळ्यात फ्रेट आणि जमलं तर नेकची सगळी कामं, हा क्रम मी तरी सोडणार नाही. रंगासाठी मात्र दिवाळीनंतरची कोरडी, थंड हवा बरी. पावसात लॅकरवर पांढरट झाक येते, आणि मेच्या दुपारी थिनर हवेतच उडून पृष्ठभाग खरखरीत होतो.

फ्रेटची तार फ्रेटबोर्डपेक्षा थोडी जास्त वाकवून घ्यावी, ३०५ मिमीच्या गोलाईला साधारण २५० ची. आधी दोन्ही टोकं ठोकायची, मग मधला भाग खाली जातो आणि टोकं आपोआप दाबली जातात. सपाट तार ठोकली की टोकं उचलतात. हातोडी नायलॉनच्या डोक्याची, नेकखाली वाळूची पिशवी. पातळ सुपरग्लूचा एक थेंब टोकातून आत सोडला की खाचेत उरलेली पोकळी भरते.

नंतर पातळी. त्यासाठी ४५० मिमीचा, खात्रीने सरळ स्टील बार लागतो. तो महागडा आयात केलेला घेण्याची गरज नाही. एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंग करणाऱ्याकडून चौकोनी बार घासून आणला तर त्याहून चांगलं हत्यार मिळणार नाही. बारला दुहेरी टेपने ४०० नंबरचा पॉलिश पेपर लावायचा, ट्रस रॉडने नेक अगदी सरळ करायचा, प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई लावायची आणि नेकच्या लांबीने हलक्या हाताने घासायचं. एखाद्या फ्रेटवर शाई तशीच राहिली तर तो खाली बसलाय. शेजारच्यांना घासत बसण्याआधी तो खाचेत नीट बसलाय का ते पाहा. सगळ्यांवरची शाई निघाली की थांबायचं. सपाट झालेले माथे आतून गोल खोबण असलेल्या फ्रेटच्या कानशीने पुन्हा गोल करायचे, मग ६००, १०००, २००० नंबरचा पेपर. शिसम आणि सागवान दोन्हींच्या भुशाने अनेकांना खाज आणि शिंका येतात, मास्क कायम असावा.

खोबण आणि ब्रिज

बॉडीतली नेकची खोबण १६ मिमी खोल, नेकचं बूड फ्रेटबोर्डसह २५ मिमी. रूटर (लाकूड कोरणारं यंत्र) एका फेरीत तीन-चार मिमीच खाली न्यावा. एकदम खोल नेला तर बिट शेवटच्या कोपऱ्यात लाकूड उपटतो. नेक इतका घट्ट बसावा की स्क्रू न लावताही गिटार नेकला धरून उचलता यावी. कोन कमी पडला तर पुठ्ठ्याचा तुकडा मागे खुपसण्याची सवय अनेकांना असते. त्याने मध्ये पोकळी राहते आणि कालांतराने नेकचं टोक वर वळतं. पूर्ण खोबणीच्या मापाची लाकडी पाचर घासून घालावी.

ब्रिजची भोकं सर्वांत शेवटी. बारीक ई तारेचा सॅडल (ब्रिजवरचा तारेचा सरकता आधार) जवळजवळ पूर्ण पुढे आणून तो नटपासून ६४८ मिमीवर ठेवायचा, जाड तारांचे सॅडल मागे सरकायला जागा उरते. जाड ई साधारण चार-पाच मिमी मागे जाते. नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून ब्रिजपर्यंत सुती दोरा ताणून तो फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारखा जातो का ते बघावं, मगच ड्रिल लावावं. स्क्रूला मेण किंवा साबण लावावा. सागवानात कोरडा स्क्रू मशीन हेडच्या प्लेटशी तुटतो आणि त्याचं बूड आतच राहतं.

वायरिंग

सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपला २५० के पोटेन्शियोमीटर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हमबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) असेल तर ५०० के आणि ०.०२२. पोकळ्यांना तांब्याची टेप लावून तुकडे एकमेकांशी जोडले आहेत हे मल्टिमीटरने तपासावं. ब्रिजखाली ग्राउंडची वायर विसरली की घरघर होते. वायर लावूनही गिटारच्या तारांना हात लावल्यावर घरघर वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत. आणि एक गोष्ट प्रत्येकाने पाळावी: तारा थेट ॲम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, त्यामुळे तीन पिनच्या सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर आहे याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. जुन्या वाड्यांत तिसरं भोक बरेचदा शोभेचंच असतं.

तारा चढवल्यावर

०१० ते ०४६ चा (तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) सेट लावून सुरात आणावं आणि दोन दिवस तसंच ठेवावं, नेक ताणाला सरावतो. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या फ्रेटवर तारेखाली ०.२ मिमी फट येईपर्यंत ट्रस रॉड पाव-पाव आट्याने फिरवावा. बाराव्या फ्रेटवर उंची बारीक ईला १.५ आणि जाड ईला २ मिमी. नटची खाच खोल करताना तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली की कानस खाली ठेवावी. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवावा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. मागे जायला जागा उरली नाही तर सॅडलची स्प्रिंग अर्धी कापून बघावी. तेवढ्यानेही पुरत नसेल तर ब्रिजचीच जागा चुकली आहे: भोकं सागवानी खुंट्यांनी बुजवावीत, गोंद वाळू द्यावा आणि ब्रिज पुन्हा मोजून बसवावा.