फाटक्या कानाचा

जानेवारीतली गोष्ट. मी कृषी सहाय्यक. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात हरभऱ्याच्या वावरात उंदीर नियंत्रणाचं प्रात्यक्षिक होतं. आदल्या संध्याकाळी धुऱ्यावरची बिळं बुजवून ठेवली होती. सकाळी जी उकरलेली दिसतात, ती जिवंत, म्हणजे आत उंदीर आहे. तेच मोजायला निघालो, तर वाटेत एका आजीनं अडवलं.

"साहेब, वावर काई पयून नाई चाललं. आधी माह्या घरात या."

भाव वाढेल म्हणून थोपवलेली सोयाबीनची पोती खोलीत रचलेली. आजीनं रात्री भजं लावून पिंजरा ठेवला होता. आत एक लहानखुरा घरउंदीर. बाहेर दुसरा, चांगला दांडगा, एक कान फाटलेला. तो दाराच्या तारा कुरतडत होता. पिंजऱ्याला फेरी मारायचा नि पुन्हा दाराशीच यायचा. आमची चाहूल लागली तसा पोत्यांमागे पळाला आणि मिनिटभरात परत हजर! नोकरीच्या बारा वर्षांत माणूस समोर असताना परत आलेला उंदीर मी पाहिला नव्हता.

"त्याले सोडवून रायला थो."

"भज्यासाठी असन, आजी."

"भजं त आतल्यानं रातीच खाल्लं. अन् बाहीर एवढं सोयाबीन सांडलं हाय, थे काऊन नाई खात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 2011 साली शिकागो विद्यापीठात पेगी मेसन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मी वाचला होता. नळकांड्यात कोंडलेल्या सोबत्यासाठी उंदीर दार उघडायला शिकतो. नळकांडं रिकामं असेल किंवा आत खेळण्यातला उंदीर असेल, तर त्या फंदात पडत नाही. चॉकलेटचे पाच तुकडे ठेवले, तर सरासरी दीड तुकडा सोबत्याच्या वाट्याला जातो. पुढे 2022 मध्ये युरोपातल्या संशोधकांना दिसलं, की फक्त आपल्याला खाऊ की दोघांनाही, अशी निवड असली तर वरचढ उंदीर दबलेल्या जोडीदाराचा विचार जास्त करतो. (आमच्या खात्यात हा प्रयोग कोणी करू नये.)

अर्थात ते प्रयोगशाळेतले, हा घरातला काळा; जातच निराळी. शिवाय आतली मादी असली, तर सगळा मामला वेगळा. एका सकाळीवरून मी काही ठरवणार नाही.

वावरात नेहमीचं सांगायला लागलो. आधी दोन-तीन दिवस तेल चोळलेला ज्वारीचा भरडा, नुसता. मग 96 भाग भरडा, 2 भाग तेल, 2 भाग झिंक फॉस्फाईड, म्हणजे उंदराचं विष. कोणीतरी विचारलं, फुकटचं जेवण कशाले? मी म्हणालो, उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, पण खाऊन आलेल्याच्या तोंडाचा वास दुसरा घेतो नि तेच खायला धजावतो. हे वाक्य मी शंभरदा बोललो असेन. त्या दिवशी मधेच अडखळलो. त्यांचा एकमेकांवर भरवसा आहे, म्हणून तर आमचं आमिष चालतं.

घरात झिंक फॉस्फाईड वापरू नका, हे बजावायला दुपारी आजीकडे गेलो. ओसरीत पाण्याची बादली होती, पिंजरा रिकामा. दाराला नवं भजं टांगून तिनं तो होता तिथंच ठेवला होता.

"आता थो येईन," ती म्हणाली.