ओपाराराच्या गुहेत: कोळी बघायचा तर मान वर, पाय जपून

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, वेस्टपोर्टपासून उत्तरेला साधारण 100 किलोमीटरवर कारामिया आहे. पेट्रोल इथेच भरा, पुढे काही मिळत नाही. गावाच्या पुढे मॅकॅलम्स मिल रोडला वळलं की ओपारारा खोऱ्याकडे जाणारा कच्चा, अरुंद, वळणावळणाचा रस्ता सुरू होतो. कॅम्पर व्हॅन असेल तर ती खालीच ठेवा. समोरून गाडी आली की कुणाला तरी मागे जावंच लागतं, आणि दोन्ही वेळा तो मान आमच्याकडेच आला.

बहुतेक लोक ओपाराराची दगडी कमान बघून परततात. आम्ही आलो होतो नेल्सन केव्ह स्पायडर या गुहेत राहणाऱ्या मोठ्या कोळ्यासाठी. त्यासाठी पुढे क्रेझी पेव्हिंग गुहेपर्यंत जा. तिथल्या जमिनीवरचा चिखल वाळून आटलेल्या तळ्यासारखा भेगाळलाय, त्यावरून हे नाव. मी दहा मिनिटं टॉर्च घेऊन तो चिखलच न्याहाळत बसलो. शेवटी बायको म्हणाली, "अरे, वर बघ."

छताला तो होता. पाय पसरले की 15 सेंटीमीटरपर्यंत भरतो. मला कोळ्यांची थोडी भीती वाटते, पण हा इतका शांत होता की भीती वाटायची राहूनच गेली. जाळं विणून वाट बघणं हे याचं काम नाही. छतावरून धाग्याला लोंबकळायचं आणि पुढच्या पायांच्या लांब नख्यांनी भक्ष्य पकडायचं. भक्ष्य म्हणजे मुख्यतः केव्ह वेटा, नाकतोड्याच्या गोत्रातला लांब मिशांचा, बिनपंखी कीटक.

त्याची अडचण इथूनच सुरू होते. हा कोळी दक्षिण बेटाच्या वायव्य टोकाच्या मोजक्याच गुहांत सापडतो. एका गुहेत बिघाड झाला तर शेजारच्या डोंगरात जाऊन राहावं, असा पर्याय त्याला नाही. बाहेरून आलेले उंदीर वेटा खातात. वरचं जंगल तुटलं की गुहेतला ओलावा आणि झिरपणारं पाणी दोन्ही बदलतात. रस्त्याच्या नावातली 'मिल' लाकडाचीच. हा भाग ज्यात येतो ते कहुरांगी राष्ट्रीय उद्यान 1996 मध्ये झालं. कोळ्याला वाइल्डलाइफ अ‍ॅक्ट 1953 चं संरक्षण आहे, त्यामुळे त्याला पकडणं किंवा मारणं गुन्हा आहे. पण नकळत पडलेल्या पावलाला कायदा कसा अडवणार? आमच्यासमोरच एक गट आखलेली वाट सोडून फोटोसाठी भिंतीला टेकला. मला राग आला. मग आठवलं, मीही टॉर्च त्याच्यावरच रोखून उभा होतो.

तर जाणाऱ्यांनी दोघांत दोन टॉर्च न्या, मोबाइलचा उजेड पुरत नाही. कोळी दिसला की झोत बाजूला वळवा, फ्लॅश नको. भिंतीला, छताला हात लावू नका आणि अंड्यांची लोंबणारी गोल पिशवी दिसली तर लांबूनच बघा. आतला चिखल एकदा तुडवला गेला की पूर्वीसारखा होत नाही, तेव्हा वाट सोडू नका. हनीकोम्ब हिलच्या गुहा बघायच्या असतील तर वाटाड्याबरोबरच जाता येतं, त्यामुळे आधी नाव नोंदवा.

बूट आदल्या रात्रीच घासून कोरडे करा. आणि बाहेर सँडफ्लाय चावतात, त्याचं मलम गाडीत विसरू नका. आम्ही विसरलो होतो.