चाकणच्या कोंडीत चढणारा काटा

मोशीजवळच्या आमच्या गॅरेजमध्ये मे महिन्यातल्या एका सकाळी नारायणगावची एक पिकअप येऊन उभी राहिली. गाडीमालक पन्नाशी ओलांडलेले होते आणि गाडी स्वतःच चालवत. संध्याकाळी टोमॅटोचे पंचाहत्तर क्रेट, म्हणजे साधारण दीड टन माल भरायचा, तो पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचवायचा आणि सकाळी रिकाम्या गाडीने परतायचे, हा त्यांचा रोजचा क्रम होता. ‘दादा, चाकणला तळेगाव चौकात अडकलो की इंजिन तापून काटा लाल रेषेवर जातो,’ एवढेच ते म्हणाले आणि खिशातून घडी घातलेला एक कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

तो दुसऱ्या एका गॅरेजचा खर्चाचा अंदाज होता. हेड गॅस्केट (इंजिनाचे डोके आणि ब्लॉक यांच्यामधली सीलबंद पट्टी) गेले आहे, हेड उतरवून घासून घ्यावे लागेल, खर्च ३५,००० रुपये, असे त्यात लिहिले होते. त्याआधीच्या सहा महिन्यांत रेडिएटर आणि वॉटर पंप बदलून झाला होता आणि थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, तर कोणीतरी कायमचाच काढून टाकला होता. एवढे करूनही गाडी गरम होतच राहिल्यामुळे गाडीमालकांनी स्वतःपुरता एक उपाय शोधला होता. कोंडी दिसली की ते काचा खाली करून केबिनचा हीटर पूर्ण चालू करत. हीटर हा एक छोटा रेडिएटरच असल्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता त्यातून निघून जाते, हे खरे आहे. परंतु मे महिन्याच्या उन्हाळ्यात, दीड टन माल मागे घेऊन, पायांवर हीटरचा झोत सोसत तासभर कोंडीत बसणारा माणूस डोळ्यांसमोर आला आणि मला फार वाईट वाटले.

मी त्यांना विचारले, ‘मामा, मोकळ्या रस्त्याला काटा कुठे असतो?’ ते म्हणाले, ‘मंचर ते राजगुरुनगर भरल्या गाडीने आलो तरी निम्म्यावरसुद्धा येत नाही. घाटात ट्रकच्या मागे अडकलो तर मात्र चढतो.’

या उत्तरात जवळजवळ सगळे निदान होते. पंप अशक्त असता किंवा रेडिएटर आतून चोंदलेला असता, तर इंजिन सर्वाधिक उष्णता निर्माण करते तेव्हा, म्हणजे भरल्या गाडीने वेगात धावतानाच काटा चढायला हवा होता. इथे उलटे घडत होते. धावत्या गाडीत रेडिएटरच्या जाळीवर वारा आपोआप आदळतो. गाडी थांबली की तो वारा फक्त पंख्यानेच ओढायचा असतो. सहा महिने सगळ्यांनी पाण्याची वाट तपासली होती आणि वाऱ्याच्या वाटेकडे कोणी पाहिले नव्हते.

तरीही हेडचा संशय कागदावर लिहून आलेला असल्यामुळे तो आधी दूर करणे मला आवश्यक वाटले. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची चाचणी घेतली. जळालेल्या इंधनाचा वायू पाण्यात मिसळत असेल तर या द्रवाचा रंग बदलून हिरवा किंवा पिवळा होतो. आमचा शेवटपर्यंत निळाच राहिला. आधीच्या कारागिराने कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीत बुडबुडे पाहून हेडचा संशय घेतला असेल, तर ते बहुधा उकळीचेच असावेत. रेडिएटरच्या ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणामुळे साधे पाणीसुद्धा जवळजवळ ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पण या गाडीच्या झाकणाचे रबर चिरलेले होते, त्यामुळे दाब टिकत नव्हता आणि उकळी लवकर फुटत होती.

सकाळच्या गारव्यात रिकामी गाडी अर्धा तास चालू ठेवूनही काटा हलेना. शेवटी जाळीसमोर पुठ्ठा लावून वारा अडवला आणि इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर धरले. दहा-बारा मिनिटांत रेडिएटरच्या वरच्या टाकीवर तापमापक १०३ अंश दाखवू लागला, तर खालच्या टाकीवर ९७. मधल्या जाळीत कुठेही थंड पट्टा सापडला नाही, म्हणजे पाणी सगळीकडून फिरत होते. फक्त त्यातली उष्णता कोणी उचलून नेत नव्हते. मी पुठ्ठा काढून तिथे वर्तमानपत्राचे पान धरले. चांगल्या पंख्याने ते जाळीला चिकटवून ठेवायला हवे होते, पण हात सोडताच पान खाली पडले.

या गाडीचा पंखा इंजिनाला थेट जोडलेला नसून मध्ये सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. रेडिएटरमधून येणारा वारा तापला की क्लचच्या तोंडावरची, उष्णतेने वळणारी द्विधातूची गुंडाळी आतली झडप उघडते, तेल कामाच्या कप्प्यात उतरते आणि पंखा जोर पकडतो. इंजिन बंद करून मी पंखा हाताने फिरवला, तेव्हा तापलेला असूनही तो जराही अडला नाही आणि चार-पाच फेरे सहज फिरला. क्लचच्या कडेवर धूळ चिकटलेला तेलकट ओघळ होता. आतले तेल कधीच गळून गेले होते. त्यातच रेडिएटर बदलताना पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाचा खालचा अर्धा भाग परत बसवलाच गेला नव्हता, त्यामुळे पंखा जी थोडी हवा ओढत होता तीही इंजिनाच्या बाजूची तापलेली हवा होती. हे आवरण म्हणजे अडगळ नव्हे, हे मी गॅरेजमधल्या मुलांना कामाच्या पहिल्याच आठवड्यात सांगतो.

नवा क्लच दुपारी मिळाला. आवरणाचा भाग भोसरीत जुन्या सुट्या भागांच्या दुकानात सापडला. झाकण बदलले आणि ८२ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅटही परत बसवला, कारण तो नसल्यामुळे इंजिन मोकळ्या रस्त्याला गरजेपेक्षा थंड राहून डिझेल जास्त खात होते. शिवाय बायपासची वाट उघडी राहून काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच इंजिनात परतत होते.

संध्याकाळी मी मामांबरोबर चाकणला गेलो. कारखान्यांची पाळी सुटलेली होती आणि तळेगाव चौकाच्या अलीकडेच आम्ही अडकलो. काटा निम्म्यावर आला, किंचित वर सरकला आणि मामांचा हात हीटरच्या बटणावर गेला. मी म्हणालो, ‘थांबा, जरा ऐका.’ बॉनेटखालून पंख्याची दमदार घरघर सुरू झाली. काटा मागे आला आणि तिथेच राहिला. पुढची वीस मिनिटे गाडी जेमतेम शंभर मीटर सरकली असेल. चौक ओलांडल्यावर मामांनी बटणावरचा हात काढला.