स्टॉक सीटवर रेसिंग हार्नेस? तुम्ही विचारलंत म्हणून

"भाऊ, चार पॉइंटचा हार्नेस मागवलाय. ओरिजिनल सीटवर बसवून द्याल ना?" अंबडच्या माझ्या गॅरेजात हा प्रश्न नेहमीचा. नाशिकने रॅली ऑफ महाराष्ट्र पाहिलीय, पोरांना शौक असणारच. हार्नेस म्हणजे रेसिंगचे पट्टे: चार पॉइंटच्यात दोन कमरेला, दोन खांद्यांवरून, सगळे मधल्या एका बक्कलला मिळणारे. बसायचं म्हणाल तर बसेल. ड्रिल मारलं की काहीही बसतं. पण मी बसवून देत नाही, आणि का ते एकदा सविस्तर सांगतो.

हार्नेस घेऊन आलेल्याला मी त्याच्याच गाडीत बसवतो. कमरेचा पट्टा खाली, कमरेच्या हाडांवर घट्ट करायला लावतो. मग म्हणतो, आता खांद्याचे दोन्ही ओढ. तो ओढतो आणि बक्कल सरकत सरकत बेंबीपाशी येतं. येणारच, खांद्याचे पट्टे त्याच बक्कलला येऊन मिळतात. समोरून धडक बसली तर हा पट्टा हाडावर न अडता पोटात रुतेल आणि माणूस त्याच्याखालून पुढे घसरेल. याला सबमरीनिंग म्हणतात. ते टाळायला सहा पॉइंटच्या हार्नेसमध्ये मांड्यांमधून खाली जाणारे पट्टे असतात, आणि त्यांच्यासाठी सीटच्या बैठकीत भोक लागतं. रेसिंगच्या बकेट सीटला, म्हणजे अंगाला धरून ठेवणाऱ्या खोलगट सीटला, ते असतं, तुमच्या सीटला नाही.

खांद्याच्या पट्ट्यांची वेगळीच कथा. ते सीटच्या मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. एफआयए, म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, तिच्या नियमात ४५ अंशांपेक्षा जास्त उतार चालत नाही, १० च्या आत असेल तर उत्तम. लोक मात्र सांगतात, मागच्या सीटच्या बेल्टचा बोल्ट आहे ना, त्यालाच अडकवा. तो बोल्ट पार खाली, फ्लोअरजवळ. धडकेत तो पट्टा खांद्यांना मागे धरता धरता खालीही दाबणार, म्हणजे भार मणक्यावर. शिवाय स्टॉक, म्हणजे कंपनीच्या ओरिजिनल सीटच्या पाठीला पट्टे ओवायला खाचा नसतात, त्यामुळे ते खांद्यावरून घसरतात. सीटलाच बांधून टाका, असंही कोणी सुचवतं. एफआयएच्या नियमात त्याला सरळ बंदी आहे.

आणि गाडी उलटली तर? साध्या बेल्टमध्ये वरचं अंग थोडं कलू तरी शकतं. हार्नेस माणसाला ताठ धरून ठेवतो, छप्पर खाली आलं तरी. म्हणून हार्नेससोबत रोल केज, म्हणजे गाडीच्या आतला लोखंडी पाइपांचा सांगाडा, लागतोच. मानेचाही विचार करा: धड जखडलेलं आणि डोकं मोकळं. २००१ मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत रेसर डेल अर्नहार्ट गेले ते कवटीच्या तळाला झालेल्या फ्रॅक्चरने. डोकं-मान सावरून धरणारं हान्स नावाचं उपकरण २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचं झालं. पण हान्स हेल्मेटला अडकतं, आणि हेल्मेट घालून तुम्ही गंगापूर रोडला भाजी आणायला जाणार आहात का?

ज्याला आपण साधा बेल्ट म्हणतो तो मुळात व्होल्वोच्या निल्स बोलिनचा, १९५९ चा. आजच्या बऱ्याच गाड्यांत धडक होताच प्रीटेन्शनर तो आवळतो, मग लोड लिमिटर जरासा सैल सोडतो, आणि एअरबॅगचा हिशोब या सगळ्याशी जुळवलेला असतो. हार्नेस लावला की तो हिशोब विस्कटला. द्वारकेच्या चौकात वळून बघता येत नाही म्हणून पट्टे सैल सोडाल, आणि सैल हार्नेस म्हणजे नुसती शोभा. कंपनीचा बेल्ट काढून टाकलात तर मोटार वाहन कायद्याचंही झेंगट आहेच.

कधीमधी मैदानावर ऑटोक्रॉस, म्हणजे आखलेल्या वळणांची वेळेची शर्यत, करणाऱ्यांना मी फुकटची युक्ती सांगतो. सीट दोन-तीन खाचा मागे घ्या, बेल्ट लावून झटका द्या म्हणजे रीळ लॉक होईल, पट्टा ताणलेला ठेवूनच सीट पुढे घ्या. बऱ्यापैकी घट्ट बसतं. हे गाडी उभी असताना करायचं, आणि फक्त मैदानावर.

ज्याला खरंच स्पर्धेत उतरायचंय त्याने आधी केज, मग बकेट सीट, मग हेल्मेट आणि हान्स, आणि शेवटी सहा पॉइंटचा हार्नेस, अशा क्रमाने पैसे जमवावेत. बॉडीला बोल्ट मारताना मागे निदान ३ मिलिमीटर जाडीची, ४० चौरस सेंटिमीटरची लोखंडी पट्टी हवी, नुसता वॉशर नको. हार्नेस घेताना लेबलवरची मुदतीची तारीख बघा. सेकंडहँड मिळाला आणि एकदा धडक खाल्लेला असला, तर फुकटातही घेऊ नका.